पिवळ्या घामाची गोष्ट

माझ्या नवऱ्याला वाईट सिनेमे आवडतात. नुसते वाईट नाहीत, तर नव्वदच्या दशकातले, फौजेवरचे, विनोदी आणि वाईट. आम्ही परदेशात राहतो, आणि पॉइंट कुकच्या आमच्या घरात टीव्हीखालचा अख्खा कप्पा त्यांनी भरलाय. हे सगळे सिनेमे एकाच माणसाने एकाच दुपारी लिहिले असावेत असा माझा जुना संशय आहे. कामावरून काढलेला एक आळशी माणूस चुकून भरती होतो. त्याच्यावर एक सार्जंट पहिल्यापासून शेवटपर्यंत ओरडत राहतो. चिखल असतो, चिखलावर दोरी असते, आणि दोरीवरून कोण पडणार हे पोस्टरवरच कळलेलं असतं. सिगार ओढणारा एक जनरल असतो आणि त्याची पँट उतरल्याशिवाय सिनेमा पुढे सरकत नाही. शेवटी ही सगळी मंडळी नकाशावर नसलेल्या कुठल्यातरी देशात जाऊन चुकून युद्ध जिंकतात.

नवरा वेरिबीच्या एका हॉस्पिटलमध्ये नर्स आहे. शिफ्ट संपवून येताना तो ऑप शॉपमध्ये डोकावतो. लोकांनी दान दिलेल्या वस्तू तिथे विकायला असतात, आणि हे सिनेमे लोक फार आनंदाने दान करतात. "दिवसभर खरी माणसं बघतो मी," तो म्हणतो, "घरी आल्यावर खोटी चालतात." यावर मी तोंड वाकडं करते आणि कपड्यांच्या घड्या घालता घालता अर्धा सिनेमा बघते.

तोंड वाकडं करायला मला कारण होतं. माझे वडील खरे फौजी. सतरा वर्षं नोकरी केली, नाईक म्हणून घरी आले. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. त्यांच्या पलटणीतल्या गोष्टी ऐकत मी कराडला लहानाची मोठी झाले, त्यामुळे फौजेतली गंमत काय असते हे या सिनेमावाल्यांनी मला शिकवायची गरज नव्हती.

अण्णा वर्षातून दोन महिने सुट्टीवर यायचे. आमच्या भाड्याच्या दोन खोल्या आणि पुढे फरशीचा ओटा. संध्याकाळी ते ओट्यावर बसले की गल्लीतली पोरं जमायची आणि दर वर्षी तीच फर्माईश करायची, पिवळ्या घामाची. पलटणीत एक खादाड रंगरूट होता. त्याने मेसमधून उकडलेलं समजून एक अंडं उचललं, आणि खायच्या आत फॉलिनची, म्हणजे रांगेत उभं राहायची शिट्टी झाली. लपवायला जागा नाही म्हणून त्याने ते टोपीखाली ठेवलं. नेमके त्या दिवशी कर्नलसाहेब आलेले. याचा ताठ कणा बघून ते खूश झाले आणि "शाबाश जवान" म्हणत त्यांनी त्याच्या डोक्यावर थाप मारली. अंडं कच्चं निघालं. बलक कपाळावरून नाकावर आला, पण सावधानमध्ये उभा असलेला माणूस पुसणार कसा? साहेबांनी विचारलं, हे काय आहे? तो म्हणाला, घाम आहे साहेब. पिवळा? तर म्हणाला, सांगलीकडचा आहे साहेब, हळद खाऊन वाढलोय.

इथे अण्णा स्वतः उठून सावधानमध्ये उभे राहायचे आणि डोळ्यांची पापणीही न हलवता नाकावरून ओघळणारा बलक दाखवायचे. दुसरी गोष्ट उस्तादाच्या उचकीची. कवायत शिकवणाऱ्या उस्तादाला उचकी लागली आणि "थम" हा हुकूम काही तोंडातून निघेना. हुकूम नाही तर थांबणार कसं, म्हणून सगळे जवान गेटातून बाहेर पडले, बाजारातून गेले आणि एका वरातीत घुसून बँडच्या तालावर चालू लागले. नवरदेवाच्या घोड्यानेसुद्धा त्यांना वाट करून दिली.

पाचवीत असताना वर्गातली एक मुलगी म्हणाली, तुझे वडील थापा मारतात. मी तिची वेणी अशी ओढली की रिबीन माझ्या हातात आली. मला दिवसभर वर्गाबाहेर उभं केलं. बाहेर उभी राहून मी जराही पस्तावले नाही. उलट मीही सावधानमध्ये उभी राहिले.

अण्णांना तिकडे नेमकं काय काम असतं, हे मात्र त्यांनी कधी सांगितलं नाही. विचारलं की म्हणायचे, "ड्युटी असते." आणखी एक गोष्ट होती, ती मला तेव्हा गोष्ट वाटलीच नाही. घरात कुणाच्या चपलेचा अंगठा तुटला की ते आम्हाला स्टँडजवळच्या चांभाराकडे पाठवायचे. स्वतः कधी आले नाहीत. चप्पल हातात धरायलासुद्धा नको म्हणायचे.

आई दोन वर्षांपूर्वी गेली. यंदा अण्णा तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आले. सकाळी आम्ही खाडीच्या कडेने चालायला जायचो. समोरून कुणी "मॉर्निंग मेट" म्हणालं की अण्णा उत्तर त्याच्या बुटांकडे बघून द्यायचे. चार पावलं पुढे गेलं की मला सांगायचे, "हा डाव्या पायावर जोर देतो. टाच बघितलीस?" मी नव्हती बघितली. म्हातारपणी माणसाची नजर खाली जाते, असं मी स्वतःला सांगून टाकलं.

माझी मुलगी दहा वर्षांची आहे. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीत येतं. अण्णांनी तिला अर्ध्या मराठीत आणि अर्ध्या हातवाऱ्यांत पिवळ्या घामाची गोष्ट सांगितली, तेव्हा ती हसत हसत सोफ्यावरून खाली पडली. तीस वर्षांनी त्या गोष्टीला पुन्हा गल्ली मिळाली, म्हणून मला बरं वाटलं.

एप्रिलमध्ये शाळेतून कार्ड आलं. ॲन्झॅक डे हा इथला सैनिकांच्या आठवणीचा दिवस; त्याच्या आधी प्रत्येक मुलाने आपल्या घरातल्या, गणवेशातल्या एका माणसाबद्दल वर्गात बोलायचं होतं. बाकीच्यांचे पणजोबा होते, फोटोतले. माझ्या मुलीचे आजोबा वरच्या खोलीत दुपारची झोप घेत होते. "नो वन एल्स हॅज अ रिअल वन, आई," ती म्हणाली. ती अंड्याची गोष्ट सांगणार होती आणि आजोबांना वर्गात नेणार होती. कार्डावर तिने इंग्रजीत 'माझे आजोबा' लिहिलं, त्याच्यापुढे रिकामी जागा होती. तिथे तिने पेन्सिलीने 'सोल्जर' लिहिलं आणि कार्ड फ्रिजवर लावलं. कार्यक्रम बुधवारी होता.

आदल्या रविवारी दुपारी घर शांत होतं. नवरा ड्युटीवर, मुलगी स्विमिंगला, अण्णा झोपलेले. कपड्यांचा ढीग पुढ्यात घेऊन मी नवऱ्याने नुकताच आणलेला एक सिनेमा लावला. आळशी माणूस भरती झाला. सार्जंट ओरडला. कुणीतरी दोरीवरून पडलं. मी टॉवेलची घडी घालत होते, आणि पडद्यावरच्या एका जाड्या रिक्रूटने मेसमधून एक अंडं उचललं.

टॉवेल हातातच राहिला. शिट्टी झाली. टोपी आली. जनरल आला, सिगारसकट. थाप बसली. बलक कपाळावरून नाकावर आला. जनरलने विचारलं तेव्हा तो म्हणाला, घाम आहे सर, आमच्याकडे मक्याची शेती आहे.

मी पुढे बघत राहिले, कारण थांबवायचं सुचलं नाही. वीस मिनिटांनी सार्जंटला उचकी लागली आणि अख्खी तुकडी एका चर्चमधल्या लग्नात शिरली.

आधी मला राग आला. चांगलाच आला. त्या वेणीसाठी मी दिवसभर बाहेर उभी राहिले होते, आणि ती मुलगी खरं बोलत होती. मग रागाच्या जागी भीती आली. मुलीचे वर्गशिक्षक माझ्याच वयाचे, इथेच वाढलेले. हे सिनेमे बघत मोठी झालेली पिढी तीच. माझी मुलगी सगळ्यांसमोर उभी राहून सिनेमातला प्रसंग आजोबांचा म्हणून सांगणार आणि शेजारी आजोबा उभे असणार. तिथे कुणी ओळखलं की मुलं हसतील, पण गोष्टीला नाही.

जिन्यावर पावलं वाजली. अण्णा चहासाठी खाली येत होते. टीव्ही बंद करायला माझ्याकडे भरपूर वेळ होता. मी सिनेमा मागे नेला आणि अंड्यावर थांबवून ठेवला. माझा स्वभाव असा आहे, त्याला मी काय करू.

अण्णांनी पडद्याकडे बघितलं. चष्मा नीट केला. "हा होय," म्हणाले आणि खुर्चीत बसले. "लाव पुढे."

मी लावला. आम्ही दोघांनी चहा पीत उरलेला सिनेमा बघितला. ते कुठेही हसले नाहीत. चर्चचा प्रसंग आला तेव्हा एवढंच म्हणाले, "हे चर्चमध्ये जातात. मला वरात बरी वाटली."

"अण्णा, म्हणजे सगळं खोटं?"

"युनिटमध्ये टीव्ही होता, व्हिडिओ होता. रविवारी कॅसेट आणायचे. इंग्रजी कोणाला कळत नव्हतं, पण याला कशाला पाहिजे इंग्रजी." त्यांनी कप खाली ठेवला. "सुट्टीवर निघायच्या आधी मी नीट बघून घ्यायचो. गाडीत दोन दिवस जुळवत यायचो."

"पण का? तुमच्या स्वतःच्या गोष्टी नव्हत्या?"

"मी बूट शिवायचो, पोरी. सतरा वर्षं. पलटणीचे बूट, पट्टे, पिशव्या. त्याची काय गोष्ट सांगणार?"

मला धक्का बसला असं लिहायला हवं, पण ते खरं नाही. त्यांचा व्हिसाचा फॉर्म मीच भरला होता. पेन्शनच्या कागदावर ट्रेडच्या रकान्यात काय लिहिलंय ते मी वाचलं होतं. बूट दुरुस्तीचा कारागीर असाच त्याचा अर्थ होता. मी तो वाचला, पुढच्या रकान्यात गेले आणि फॉर्मवर 'आर्मी' एवढंच लिहून मोकळी झाले. अण्णांनी तीस वर्षं लपवलं आणि मी एका मिनिटात. तेव्हा रागवायचा हक्क कुणाला होता, याचा मी त्या चहाबरोबर नीट विचार केला.

"माझा बाप गावात तेच करायचा," अण्णा म्हणाले. "त्याच्या तोंडावर म्हणायचे, पायातली वहाण पायातच बरी. मी भरतीला पळून गेलो ते त्या आरीपासून. आणि साहेबांनी विचारलं, काही काम येतं का? मी भोळा, खरं सांगितलं. ज्या आरीपासून पळालो ती सरकारने परत हातात दिली." ते हसले, पण त्यात कडवटपणा नव्हता. "वर्दी मिळाली. पगार मिळाला. तिथे कुणी मला बाहेर बसवलं नाही. पण घरी येऊन गल्लीला काय सांगू? तुझ्या आईला माहीत होतं. ती म्हणाली, पोरीला सांगू नका, तिचे पाय जमिनीवर नाहीत, राहू देत तसेच."

मी त्यांना बुधवारबद्दल सांगितलं. वर्गशिक्षकांचं वय, सिनेमा, सगळं. म्हटलं, "अण्णा, तब्येत बरी नाही असं कळवू आपण. नो वरीज म्हणतील आणि सोडून देतील."

"आणि तिला काय सांगशील?" त्यांनी विचारलं. मी कप उचलायला लागले. ते म्हणाले, "मीच सांगतो."

संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर त्यांनी तिला सांगितलं. जिथे मराठी कमी पडली तिथे मी भर घातली. तिने सगळं ऐकून घेतलं. तिचा खालचा ओठ पुढे आला, तेव्हा मी घाबरले.

"सो द एग वॉज फेक?"

"हो," अण्णा म्हणाले.

"अँड द वेडिंग?"

"तेही."

"बट द बूट्स वर रिअल."

"बूट खरे."

ती उठून गेली. अण्णा ताटातल्या भाताकडे बघत बसले. सत्तरीला टेकलेल्या माणसाला दहा वर्षांच्या मुलीची अशी वाट बघावी लागते, हे मला बघवेना. ती गराजमधून परत आली तेव्हा तिच्या हातात नवऱ्याचा बागकामाचा जुना बूट होता. पुढून सोल उघडलेला. तिने तो टेबलावर, ताटांच्या मध्ये ठेवला.

"कॅन यू फिक्स धिस?"

एरवी जेवणाच्या टेबलावर बूट ठेवला म्हणून मी घर डोक्यावर घेतलं असतं. त्या दिवशी मी फक्त आमटीचं भांडं बाजूला सरकवलं.

सोमवारी नवऱ्याने हार्डवेअरच्या दुकानातून आरी, जाड दोरा आणि मेण आणलं. अण्णा गराजमध्ये जमिनीवर बसले. गुडघे कुरकुरले, पण खुर्ची नको म्हणाले. त्यांनी दोऱ्याला मेण लावलं, बूट दोन पायांत धरला आणि आरी घातली. दोन्ही हात दोन बाजूंना एकदम ओढायचे, टाका बसायचा, पुन्हा आरी. हात कुठेही अडत नव्हते. त्यांना हुकूम द्यायला कुणी लागत नव्हतं. मी ऑफिसची मीटिंग म्यूट करून दारात उभी राहिले. चाळीस वर्षांत पहिल्यांदा मी माझ्या वडिलांना काम करताना बघत होते. मला फार अभिमान वाटला आणि तितकीच स्वतःची लाज वाटली.

बुधवारी अण्णांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला. आरी शाळेत नेता येणार नव्हती, म्हणून ते नुसता बूट घेऊन आले. वर्गात वीसेक मुलं गालिच्यावर मांडी घालून बसली होती. माझ्या मुलीने आधी अंड्याची गोष्ट सांगितली, पण सुरुवातच अशी केली की ही एका अतिशय वाईट सिनेमातली गोष्ट आहे आणि माझे आजोबा ती सिनेमापेक्षा चांगली सांगतात. अण्णांनी उठून सावधानमध्ये उभं राहून बलक दाखवला. मुलं लोळली. वर्गशिक्षक डोळे पुसत माझ्याकडे वाकून म्हणाले की हा सिनेमा त्यांनी लहानपणी दहा वेळा बघितलाय.

मग तिने बूट वर धरला आणि आजोबांचं खरं काम सांगितलं. बूट हातोहात फिरला. मुलांनी सोल ओढून बघितला, तो निघाला नाही. प्रश्न आले, मी भाषांतर करत गेले. बुटांना वास यायचा का? यायचा. सगळ्यात मोठा बूट कुणाचा होता? एका हरयाणाच्या सुभेदाराचा, त्यात मांजर व्यायली असती. काम कंटाळवाणं होतं का?

"कधी कधी," अण्णा म्हणाले. "पण फाटका बूट आला की मला बरं वाटायचं. बूट आला म्हणजे माणूसही परत आला."

मी भाषांतर केलं. मागे बसलेल्या एका चष्म्यातल्या मुलीने हात वर केला. दुरुस्त केलेले बूट कुणी न्यायला आलंच नाही तर?

मी अण्णांना विचारलं. त्यांनी शर्टाची बाही नीट केली.

"बऱ्याचदा बदली झालेली असायची," ते म्हणाले. "कधी कधी बदली झालेली नसायची. ते बूट मी वेगळ्या फळीवर ठेवायचो. दर शनिवारी पॉलिश करायचो."

हे मी इंग्रजीत अर्धंच सांगितलं. राहिलेलं वाक्य माझ्या मुलीने पूर्ण केलं. शिक्षकांनी हळूच टाळी वाजवली. कुणीच हसलं नाही.

तीन वाजता गाडीत बसताना मुलीने ते कार्ड आजोबांच्या हातात दिलं. शिक्षकांनी त्यावर चांदणी चिकटवली होती. 'सोल्जर' खोडरबराने पुसलेलं कळत होतं, आणि त्यावर पेनाने एक लांब ओळ लिहिली होती. रिकामी जागा कमी पडल्यामुळे ती कार्डाच्या कडेने वर चढत गेली होती. अण्णांचा चष्मा घरी राहिला होता. त्यांनी कार्ड माझ्यापुढे धरलं.

मी मराठी करून वाचलं, "माझे आजोबा फौजेत बूट शिवायचे."

अण्णा समोर बघत होते. पट्टा लावायचा राहिला होता, म्हणून गाडी टिंगटिंग करत होती.

"परत वाच," ते म्हणाले.